श्री. एटाइम यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय श्री. एटाइम,
मुक्काम प्रत्येक फाइलचा इनोड



पत्रास कारण की, वाळूजच्या एमआयडीसीत सकाळी सातची शिफ्ट लागली की आपण कामाला लागता आणि बाकीच्यांचं काम थांबतं. पंचिंग झालेलं असतं, मशीन गरम झालेलं असतं, जॉब चकमध्ये बसलेला असतो. सेटर शेजारच्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंग उघडायला जातो आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागतं. तो पलीकडच्याला विचारतो, "तुझंबी फिरायलंय का?" पलीकडचा म्हणतो, "फिरायलंय की. नेट गेलं असंल."

ड्रॉइंग त्याच आवारातल्या सर्व्हर रूममध्ये असतं. नेटचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण छत्रपती संभाजीनगरात काहीही अडलं की नेटला जबाबदार धरायची पद्धत पडून गेली आहे आणि आपण तिचा पुरेपूर फायदा घेतलात. सव्वासातला नेटवाल्याला फोन जातो. साडेसातला कोणीतरी सर्व्हर बंद करून चालू करण्याचा रामबाण उपाय सुचवतं. आठपर्यंत चक्र आपोआप थांबतं आणि शेवटची खटपट ज्याने केली त्याला श्रेय मिळतं. दुपारी स्टोरेज विकणाऱ्यांचा माणूस येतो, चहा घेतो आणि जास्त वेगाच्या डिस्कचं कोटेशन ठेवून जातो. आपलं नाव या सगळ्यात कोणाच्याही तोंडी येत नाही. इतकं निष्कलंक चारित्र्य आमच्या भागात नगरसेवकाच्या वाट्यालाही येत नाही.

कारखान्याचं नाव सांगत नाही. पत्र अनावृत असलं तरी मालक आवृतच बरा.

आता वाचकांना आपली ओळख करून देतो, कारण स्वतःहून पुढे यायचा आपला स्वभाव नाही. प्रत्येक फाइलच्या इनोडमध्ये, म्हणजे तिच्या माहितीच्या नोंदीत, तीन वेळा लिहिलेल्या असतात. मजकूर शेवटचा कधी बदलला ती एक. मालक, परवानग्या वगैरे नोंद कधी बदलली ती दुसरी. आणि फाइल शेवटची कधी वाचली गेली ती तिसरी. तिसरी म्हणजे आपण. पहिल्या दोघांबद्दल माझी तक्रार नाही. काहीतरी बदलतं म्हणून ते बदलतात. आपण मात्र कशालाही धक्का लागलेला नसताना बदलता. कोणी नुसतं वाचून गेलं की आपण लगबगीनं उठून नवी वेळ लिहून घेता. वाचणाऱ्याला त्याच्या नकळत लिहिणारा करून सोडण्याचा हा पराक्रम आपल्याखेरीज कोणाला जमलेला नाही.

आपलं घराणं मोठं आहे, हे मी नाकारत नाही. बेल लॅब्सच्या युनिक्सची सातवी आवृत्ती १९७९ ची. तिच्यात या तीनही वेळा आहेत. तेव्हा यंत्र एक, डिस्क त्याच यंत्राची, आणि समोर टर्मिनल घेऊन बसलेली माणसं. टपालाची फाइल वाचल्यानंतर बदलली आहे का, एवढं आपल्याकडे बघून कळायचं आणि पडद्यावर नवं टपाल आल्याची वर्दी उमटायची. तात्पुरत्या फोल्डरात कोणी विचारत नसलेल्या फाइली आपल्याच साक्षीनं पुसल्या जायच्या. उपयोगाचे होता आपण. पुढे पॉसिक्सच्या नियमावलीतही आपली सोय झाली: फाइल वाचली की वाचनाची वेळ बदलण्याची खूण व्हावी. त्यामुळे उद्या आपल्यावर दावा लावायचा म्हटला, तर जालना रोडवरच्या खंडपीठातही निकाल आपल्याच बाजूनं लागेल. कायदा ज्याच्या खिशात असतो त्याला उपद्रव करताना फार धावपळ करावी लागत नाही.

बिनसलं ते एका यंत्राची तीन झाली तेव्हा.

आमच्याकडे तीन सर्व्हर आहेत आणि तिघांत मिळून एक सामायिक डिस्क. एक बंद पडला तर उरलेले दोघे गाडा ओढतील, हा हेतू. तिघांनी मनाला येईल तेव्हा एकाच जागी लिहिलं तर फायलींचं वाटोळं होईल, म्हणून मध्ये क्लस्टर फाइल सिस्टम लागते. आमची जीएफएस२. मिनेसोटा विद्यापीठात १९९० च्या दशकात सुरू झालेलं हे काम पुढे सिस्टिना कंपनीकडे गेलं, २००३ च्या डिसेंबरात सिस्टिनाच रेड हॅटने विकत घेतली आणि २००६ मध्ये जीएफएस२ लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाली. हिच्यात प्रत्येक फाइलला स्वतःचा लॉक असतो. कुठला लॉक कोणाकडे, हा हिशेब डिस्ट्रिब्यूटेड लॉक मॅनेजर ठेवतो. ती मूळ कल्पना डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स क्लस्टरची. तिथले लॉकचे सहा प्रकार लिनक्सनेही जसेच्या तसे घेतले. आपल्या खटल्यापुरते दोन पुरे.

वाचायचं असेल तर शेअर्ड लॉक. तो तिघांकडे एकाच वेळी असू शकतो. तिघे आपापल्या मेमरीत प्रत ठेवतात आणि डिस्कच्या वाटेला न जाता खुशाल वाचत राहतात. लिहायचं असेल तर एक्सक्लुझिव्ह लॉक. तो एकाकडेच. त्याचं होईस्तोवर बाकीच्यांनी हातातल्या प्रती टाकून द्यायच्या आणि थांबायचं.

बेगमपुऱ्याकडे जाताना मकई दरवाजा लागतो, तो आपण पाहिला नसेल. पायी जाणारे त्यातून दोन्हीकडून खांद्याला खांदा लावून जातात, कोणी कोणाची वाट अडवत नाही. एक टेम्पो आत शिरला की मात्र पलीकडच्यांनी थांबायचं. टेम्पो अधूनमधून येणारच, त्याला इलाज नाही, आणि शेकडो वर्षांचा दरवाजा काही रुंद करायचा नसतो. आपण काय केलंत? प्रत्येक पायी जाणाऱ्याला टेम्पोत बसवलंत. कशासाठी, तर तो दरवाजातून गेला ही नोंद ड्रायव्हरला करता यावी म्हणून!

एका सर्व्हरकडचा एक्सक्लुझिव्ह लॉक दुसऱ्यानं मागितला की काय होतं, याचं आपल्याला सोयरसुतक नसणार. म्हणून जरा विस्तारानं लिहितो. मागणी लॉक मॅनेजरकडे जाते. तिथून धारकाला निरोप जातो. धारक आधी स्वतःचं जर्नल, म्हणजे बदलांची टिपणवही, डिस्कवर उतरवतो, मग बदललेले ब्लॉक जागच्या जागी लिहितो, मग मेमरीतली प्रत रद्द करतो आणि मग कुठे लॉक सोडतो. मागणाऱ्याला लॉक मिळाला तरी हातात काही नसतं. त्याला डिस्कवरून सगळं नव्यानं वाचावं लागतं. तोवर तिसऱ्याची मागणी येऊन ठेपलेली असते. शिवाय लॉक हाती येतो न येतो तोच हिसकावला जाऊ नये म्हणून जीएफएस२ तो थोडा वेळ धारकाकडे राहू देते. सुरुवातीला सेकंदाचा पाचवा भाग, पुढे परिस्थिती पाहून कमी-जास्त. म्हणजे सगळं आलबेल असतानाही एकाच फाइलचा लॉक सेकंदाला पाचेक वेळा हात बदलणार. हेच वाचन शेअर्ड लॉकवर, मेमरीतल्या प्रतीतून झालं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता.

आणि हा सगळा खटाटोप किती माहितीसाठी? जीएफएस२च्या इनोडमध्ये आपल्याला बारा बाइट दिलेले आहेत. आठ सेकंदांचे, चार नॅनोसेकंदांचे. नॅनोसेकंद, महाराज! सेटर मशीनपाशी हाताची घडी घालून उभा आहे आणि आपण वाचनाची वेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत अचूक नोंदवताय.

आपले वकील इथे उठून म्हणतील की हे जुनं प्रकरण आहे, मिटलेलं आहे. लिनक्सनं २००७ मध्ये रेलटाइम आणला आणि २००९ पासून, म्हणजे कर्नल २.६.३० पासून, तोच डिफॉल्ट केला. आता आपण प्रत्येक वाचनाला उठत नाही. दोनच कारणांनी उठता: मागच्या नोंदीनंतर फाइल बदलली असेल तर, किंवा मागच्या नोंदीला चोवीस तास उलटले असतील तर. घरच्या लॅपटॉपवर हा तोडगा उत्तम आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. वाळूजमध्ये तो कसा वागतो ते पाहा.

ड्रॉइंग रोज सकाळी उघडलं जातं. काल सात वाजून दोन मिनिटांनी आपण नोंद केलीत. दुपारच्या शिफ्टला तेच ड्रॉइंग पुन्हा पुन्हा उघडलं, आपण ढिम्म. रात्री बॅकअपनं ते वाचलं, तेव्हाही चोवीस तास झालेले नव्हते, आपण ढिम्म. आज सात वाजून पाच मिनिटांनी ते उघडलं, तोवर चोवीस तास भरलेले, आणि आपण खडबडून जागे! दिवसाचे तेवीस तास गाडी रिकामी असताना झोपायचं आणि सगळे एकदम चढायला लागले की दारात उभं राहायचं, असा नियम कोणी मुद्दाम बसून काढला असता तरी इतका नेमका बसला नसता. दुसरं कारण याहून गोड आहे. डिझाइनवाल्यांनी संध्याकाळी ज्या ड्रॉइंगची नवी रिव्हिजन चढवली, तेच सकाळी सगळ्यांना हवं असतं. ते बदललेलं असतं, म्हणून आपणही तिथेच हजर.

तरी एकेका ड्रॉइंगचं सोडून देऊ. तिथे आपण दिवसातून एकदा-दोनदा उठता आणि पुन्हा झोपता. आपला खरा दरबार फोल्डरमध्ये भरतो. फोल्डरलाही इनोड असतो, त्यालाही वाचनाची वेळ असते. आमच्याकडे इन्स्पेक्शन रिपोर्टचं एक सामायिक फोल्डर होतं. तिन्ही सर्व्हरवरून त्यात दर थोड्या वेळानं नवी फाइल पडायची. नवी फाइल पडली की फोल्डर बदललं. फोल्डर बदललं की पुढचा जो कोणी नुसतं आत डोकावेल त्याच्या खात्यावर आपण उठणार. क्वालिटीचा माणूस यादी बघायला येतो आणि त्याच्या नावानं एक्सक्लुझिव्ह लॉकची मागणी लागते. तेवढ्यात दुसऱ्या सर्व्हरला नवी फाइल टाकायची असते. मग तिसरा डोकावतो. चोवीस तासांचं कलम इथे कागदावरच राहतं.

कशावरून म्हणाल, तर पुरावा आहे. जीएफएस२ स्वतःच्या लॉकची यादी कर्नलच्या तपासणीच्या खिडकीत, म्हणजे डीबगएफएसमध्ये, मांडून ठेवते. वाट बघत असलेल्यांच्या ओळीवर डब्ल्यूची खूण असते. लॉकच्या प्रकारापुढे दोनचा आकडा असला की तो इनोडचा लॉक. त्यापुढचा क्रमांक षोडशमान पद्धतीत असतो. तो आपल्या नेहमीच्या पद्धतीत करून फाइंड कमांडला दिला की इसमाचा पत्ता निघतो. सकाळी सातला काढलेल्या यादीत रांग होती ती त्याच फोल्डरसमोर, आणि रांगेत एक्सक्लुझिव्ह मागत उभे असलेल्यांत असेही होते ज्यांना तिथे एक अक्षर लिहायचं नव्हतं. डिस्क त्या वेळी जवळजवळ रिकामी बसलेली होती. जास्त वेगाच्या डिस्कचं कोटेशन मी तिथेच फाइलबंद केलं.

चांगल्या घरांत आपल्याला आधीपासूनच ओसरीच्या आत घेत नाहीत, हेही आपल्या कानावर घालतो. ओरॅकलच्या ओसीएफएस२ या क्लस्टर फाइल सिस्टममध्ये शेवटच्या नोंदीला साठ सेकंद झाल्याखेरीज आपल्याला हलू देत नाहीत. आणि हे डिफॉल्टच. पुण्यात आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकांखाली लस्टर ही फाइल सिस्टम असते. तिथे आपली नोंद फाइल बंद होताना मेटाडेटा सर्व्हरकडे जाते आणि फरक साठ सेकंदांहून मोठा असला तरच डिस्कवर चढते. हजारो कोअर एकाच फाइलवर तुटून पडणार असतील तर प्रत्येक वाचनाला उठणारा माणूस दारात ठेवून चालत नाही, हे त्यांना यंत्र उभं करण्याआधीच कळलेलं होतं. आमच्या तीन सर्व्हरांना कमी लेखलं गेलं, एवढाच काय तो फरक.

आपल्याला काढायचं ठरलं तेव्हा मीटिंगमध्ये आपली बाजू घेणारेही निघाले. ऑडिट! हा शब्द उच्चारला की वाळूजमध्ये खुर्च्या सरळ होतात. ड्रॉइंग कोणी पाहिलं याची नोंद नको का, ग्राहकाचा ऑडिटर विचारेल तेव्हा काय दाखवायचं? मी विचारलं, या नोंदीत नाव कुठे आहे? कोणी वाचलं हे आपल्याला कधीच माहीत नसतं. किती जणांनी वाचलं तेही नाही. शेवटचं कधी, एवढंच, आणि रेलटाइम आल्यापासून तेही जवळजवळ एक दिवस शिळं असू शकतं. मध्यरात्री बॅकअपनं किंवा अँटिव्हायरसनं फाइल चाळली तर ते वाचन आणि सेटरचं वाचन आपल्या दृष्टीनं सारखंच. साक्षीदार म्हणून आपल्याला उभं केलं असतं तर ऑडिटरनंच आम्हाला घरी पाठवलं असतं. वाचणाऱ्याचं नाव हवं असेल तर लिनक्समध्ये ऑडिटडी आहे. तो ठरावीक फोल्डरांवर नजर ठेवतो, नावानिशी लिहितो आणि लिहिताना त्या फाइलचा लॉक मागत नाही. मीटिंग तिथेच संपली, समोसे मात्र पुढे चालू राहिले.

सगळं खापर आपल्याच डोक्यावर फोडावं असं नाही. आपले साथीदार होते, त्यांची व्यवस्था वेगळी लावली. रात्री सगळ्या फाइलींची सूची करत हिंडणारा अपडेटडीबी तिन्ही सर्व्हरवर एकदम सुटायचा. सामायिक डिस्क त्याच्या हद्दीतून वगळली. बॅकअप एका सर्व्हरवरून सगळं वाचून काढायचा आणि पहाटे हजारो लॉक कवटाळून बसलेला सापडायचा. काम उरकलं की त्यानं कॅशे रिकामा करून मोकळं व्हायचं, असं ठरवलं. रिपोर्टसाठी प्रत्येक सर्व्हरला स्वतःचं फोल्डर दिलं आणि एका लाइनची मशीन एकाच सर्व्हरला बांधून टाकली, म्हणजे लॉक ज्याचा त्याच्याकडे मुक्कामाला राहतो. या फोल्डरांच्या वाटणीनं सर्वात जास्त फरक पडला, हे आपल्या समाधानासाठी कबूल करतो. पण ते समजावून सांगताना घसा बसला, प्रोग्राम बदलून घ्यावे लागले, दोन विभागांत अबोला झाला. आपल्याला घालवायला एक शब्द लागला. माउंटच्या पर्यायांत नोएटाइम.

कळवण्यास आनंद होतो की हा शब्द आता क्लस्टर सांभाळणाऱ्या पेसमेकरच्या माउंटमध्ये तिन्ही सर्व्हरसाठी कायमचा नोंदला आहे. आपली जुनी वेळ पुसलेली नाही. ज्या क्षणी शेवटचे उठलात तो क्षण प्रत्येक फाइलवर नॅनोसेकंदासह जपून ठेवला आहे. सर्व्हरच्या स्वतःच्या छोट्या डिस्कवर, टपालाच्या आणि तात्पुरत्या फोल्डरांत, आपण पूर्वीसारखे राहू शकता. तिथे लॉकसाठी भांडायला दुसरा कोणी नाही.

पुढचं काही सांगता येत नाही. रेड हॅटने स्वतःच्या लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीपासून जीएफएस२चा आधार काढून घेतला आहे, तेव्हा आज ना उद्या आम्हालाही बिऱ्हाड हलवावं लागेल. नव्या घरात डिफॉल्टच्या वेषात आपण आमच्याआधी पोचलेले असाल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सेटर मात्र अजूनही समजतो की नेटवाल्यानं वायर बदलली. त्याचा गैरसमज मी दूर केलेला नाही. नेटवाल्याच्या वाट्याला कधी नव्हे ते कौतुक आलं आहे, ते कशाला काढून घ्या.

आपला,
सर्व्हर रूममधला एक रूट

ता. क. आपल्या बडतर्फीच्या हुकमात आमच्या उत्साही सहकाऱ्यानं नोएटाइमच्या जोडीला नोडायरएटाइमही लिहून ठेवलं आहे. गरज नव्हती, पहिल्यात दुसरं येतंच. खोडायला गेलो तर तो म्हणाला, "राहू द्या सर, ह्याचा काही भरोसा नाही."